लहान हातांची बाई

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. मराठी शाळेत मी फक्त चौथीपर्यंत होते. मग वडिलांना जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पुढचे सगळे, शाळा, पोलीस प्रशिक्षण, नोकरी, जर्मनमध्ये झाले. तरी हे प्रकरण जर्मनमध्ये लिहायला हात वळत नाही. जे घडले ते मराठीत घडले. निवृत्त होऊन इतके दिवस झाले, पण माझ्या हातांकडे लक्ष गेले की ते सगळे समोर येते.

एका मराठी इंजिनिअरचा घरात गोळी लागून मृत्यू झाला होता. तो नेमबाजी मंडळाचा सभासद होता. त्याच्याकडे परवान्याचे जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्वर होते. त्यात दारू आणि गोळी पुढून भरायची, मागे तांब्याची टोपी बसवायची आणि प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. बायकोने जबाब दिला होता, "त्यांनी नियम मोडून घरातच भरलं. ओढलेला घोडा हळूच खाली सोड म्हणाले. माझा अंगठा पुरेना. निसटला."

माझ्या वरिष्ठांना ते पटले होते. हत्यार मोठे, बाई लहानखुरी. फाइल बंद झाली की ती आईकडे साताऱ्याला जाणार होती. बॅग भरून तयार होती.

मग मंडळातल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा फोन आला. तो तक्रार करत नव्हता. तिची बाजू घेत होता.

"आल्झो, म्हणजे हे पेपरात काय छापलंय? तिला हत्यार सांभाळता येत नव्हतं? माझ्या हाताखाली शिकलेली बाई आहे ती! नवऱ्यापेक्षा चांगली नेमबाज. म्हणून तर त्यानं तिचं येणं बंद केलं."

"तिचे हात लहान आहेत," मी म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून तर तिला वेगळं शिकवलं."

काय वेगळे, ते त्याला नीट सांगता येईना. हातात हत्यार हवे, म्हणाला. मी खबर नोंदवली आणि तिला चौकशीला बोलावले. आता ती संशयित होती, म्हणून गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क मी तिला मराठीत समजावून सांगितला.

"वकील कशाला? तुम्ही आहात ना, ताई," ती म्हणाली.

मी हक्क पुन्हा सांगितला. तिने मान हलवली आणि तिथेच सही केली. माझा सहकारी टाइप करायला बसला. बोलताना ती उजवा कान पुढे करत होती. डाव्या कानाचे विचारले तर म्हणाली, "लहानपणापासूनच कमी येतं." मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "तुमचे हात तर माझ्याहून लहान. तुम्हाला पोलिसात घेतलं कसं?"

"माझे साहेबही हेच विचारायचे," मी म्हणाले. खरेच होते ते. मला लहान मुठीचे पिस्तूल मागवावे लागले होते.

टेबलावर मंडळाकडून आणलेले तसेच रिकामे रिव्हॉल्वर होते. अंगठा कसा निसटला ते दाखव, मी म्हणाले. तिने उजव्या हातात धरले, अंगठा ताणला, तो घोड्यापर्यंत जेमतेम पोचला. "बघा," म्हणाली.

मी ते माझ्या हातात घेतले. घोड्यापर्यंत पोचायचे तर मूठ सुटत होती, मूठ धरली तर अंगठा पोचत नव्हता. नळी टेबलावर आपटली. पुढे सरकारी वकिलाने विचारले, तुम्ही मुद्दाम तसे केलेत का. नाही. मला खरोखर जमत नव्हते.

तिला ते बघवेना.

"अहो ताई, असं नाही." ती उठून माझ्यामागे आली. तिचे हात माझ्या हातांवर आले. "उजवी मूठ हलवायचीच नाही, अशी वर, घट्ट. घोडा डाव्या अंगठ्यानं ओढायचा. नळी जरा वर, म्हणजे फुटलेली टोपी खाली पडते, आत अडकत नाही. आणि खाली सोडतानाही डावाच अंगठा पूर्ण टेकवायचा. मग तो निसटत नाही. कधीच नाही."

टाइप करण्याचा आवाज थांबला. सहकाऱ्याला मराठी कळत नव्हते, पण तिचे हात त्याला दिसत होते.

तिने हात लगेच काढले नाहीत. मग खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "कान लहानपणापासून नाही, ताई."

बाकीचे तिने न विचारता सांगितले. मी वाक्यावाक्याने जर्मनमध्ये लिहून घेतले. कान, मार, काढून घेतलेला पासपोर्ट, आणि गोळी तिने जाणूनबुजून झाडली होती तेही, सगळे. न्यायालयाने ते विचारात घेतले आणि शिक्षा कमी केली, पण शिक्षा झाली.

साताऱ्याला फोन मलाच करावा लागला. तिची आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तिथं आपलं माणूस आहे म्हणून जिवाला आधार वाटला, बाई. तिला सांभाळा." मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते?

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस स्वतःबद्दलचे खोटे पाठ करून येतो आणि ते तासन्‌तास टिकवतो. पण समोरच्याची अडचण बघताना ते त्याच्या लक्षात राहत नाही. स्वभाव चांगला असेल तर नाहीच राहत. पुढे चौकश्यांमध्ये मी मुद्दाम अडखळू लागले, शब्द विसरू लागले, कागद पाडू लागले. प्रत्येक वेळी कोणीतरी मदतीला पुढे झाले. जे निर्ढावलेले होते ते जागचे हलले नाहीत, आणि त्यांतले बरेच सुटले.

त्या दिवशी तिला कोठडीत नेताना ती दाराशी थांबली होती. उजवा कान माझ्याकडे करून तिने विचारले, "आता जमेल ना तुम्हाला?"

जमते.