पाकिटावरची हळद

देवराव मिस्त्रीनं वीस वर्षं दुसऱ्यांच्या ठेक्यात भिंती उचलल्या आणि चौऱ्याहत्तर साली स्वतःच्या नावानं ठेकेदाराची नोंदणी केली. नागपुरात ठेकेदार पैशाला पासरी. पण या माणसाला बंगले बांधायचे नव्हते. जरीपटक्याच्या रस्त्यावरच्या आपल्या वस्तीतली शाळा बांधायची होती, बस्स! तिचं जुनं छत दोन वर्षांपूर्वी कोसळलं, एका पोराचा पाय कायमचा गेला. छत मनोहरराव ठेकेदाराचं. चौकशीत दोष कोणाला? पावसाला! त्या छतात रेती किती घातली हे देवरावाला ठाऊक, कारण माल कालवणारे हात त्याचेच. "पोटासाठी केलं गा," म्हणायचा. त्याची स्वतःची लेक आता त्याच शाळेच्या उरलेल्या खोल्यांत बसत होती.

टेंडर निघालं. देवरावानं नफा जवळजवळ सोडून दर भरला, पाकीट बंद करून लाखेनं सील केलं. निघताना बायकोनं, शामलानं, ते देवापुढं ठेवून हळदकुंकवाची बोटं लावली. नवी थापी असो की नवा ओळंबा, त्यांच्या घरातून वस्तू अशीच बाहेर पडायची.

दुपारी कचेरीत टेंडरची पेटी उघडली. तीन पाकिटं. साहेबांनी देवरावाचं उलटंपालटं केलं आणि बाजूला सारलं. "बाहेर ओळखीची खूण आहे. नियमानं बाद."

"साहेब, हळद हाये ना ते! आतला दर तं पाहा!"

"बाद पाकीट उघडता येत नाही."

आता काय म्हणावं! कोणाचं पाकीट कोणतं हे आधी कळू नये, म्हणून तो नियम. देवरावासारख्या गरिबाच्याच भल्याचा, आणि त्याच्याच मानेवर बसला. कचेरीतल्या महादेवराव बाबूनं पाकीट जसंच्या तसं परत दिलं. "मी काय करू गा, देवराव? माह्या हातात काहीच नाही."

उरलेल्या दोघांत मनोहररावांचा दर कमी निघाला.

"अवो, काय झालं?" शामलानं दारातच विचारलं.

"दुसऱ्याचा दर कमी निघाला." खरं सांगितलं असतं तर बाई जन्मभर स्वतःला कोसत राहिली असती.

पंधरा दिवसांनी मनोहररावांचा निरोप आला, कामावर ये. देवराव गेला. चूल पेटायला हवी होती, आणि आपण तिथं उभे राहिलो तर निदान माल तरी चांगला पडेल, असं त्याला वाटलं. भाबडा!

स्लॅबच्या दिवशी मनोहरराव स्वतः खुर्ची टाकून बसले. एक घमेलं सिमेंटला दोन घमेली रेती हवी. त्यांनी चार बोटं दाखवली.

"मालक, माही पोरगी बसनार हाये इथं खाली," देवराव म्हणाला.

"मंग काय झालं? त्या जिन्याखालच्या सिमेंटच्या पोत्यांवर पाणी पडून राहिलं, ते पाह्य. अन् हात चालव."

देवरावानं तिसरं घमेलं ओतलं. मग चौथं.