हँडल फिरवणारे हात

लाइट गेली आणि जनरेटर सुरू झालाच नाही.

मी वसईत एका छोट्या डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. डायलिसिसमध्ये किडनीचं काम मशीन करतं. रक्त नळीतून बाहेर येतं, स्वच्छ होतं, परत अंगात जातं. नळीत थांबलं तर ते गोठतं आणि वाया जातं. म्हणून लाइट गेली की पंप बॅटरीवर चालतो. त्या दुपारी जोशी सर या म्हाताऱ्या पेशंटच्या मशीनची बॅटरी लगेच बसली.

डॉक्टरांना फोन लावला.

"हाताने फिरव. सगळ्यांचं रक्त परत दे. मी निघालोच."

पंपाला हँडल असतं. एकाने ते सावकाश, एका लयीत फिरवायचं. दुसऱ्याने नळीवर नजर ठेवायची. हवा अंगात गेली तर जिवावर बेततं. माझी सहकारी रेश्मा पलीकडच्या दोन पेशंटपाशी अडकलेली. सरांसोबत कधीच कुणी नसायचं.

राजोडीच्या लुसीबाई दारातून आत आल्या. त्यांचे मिस्टर, आंतोन, शेजारच्याच मशीनवर होते.

"ह्यांचं चालू हाय ना? मंग या बाबांचं मी फिरवते. दाखव कसं ते."

मी दाखवलं. त्यांचा हात पहिल्या फेरीतच बसला.

सरांचं निम्मं रक्त परत गेलं असेल, तेवढ्यात आंतोनचं मशीन बंद पडलं.

"मावशी, तुम्ही तिकडे..." मी म्हणालो.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हात थांबला नाही.

"यांचं आर्दं सोडून जाऊ? कोनी तरी या रे आत!"

वेटिंगमध्ये वालीवच्या कारखान्यातला एक माणूस बसला होता. आईच्या डायलिसिसची चौकशी करायला पहिल्यांदाच आलेला. चपला काढून तो धावत आला.

"भाऊ, किती स्पीडने?"

"मावशींच्या हाताकडे बघा. तसंच."

मी दोन्ही मशीनच्या मधे उभा राहून नळ्या बघत होतो. लुसीबाईंचे डोळे नवऱ्यावर, हात परक्याच्या रक्तावर. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

सरांची नळी फिकट झाली, मग पांढरी. म्हणजे रक्त संपून त्याला मागून ढकलणारं सलाइन आलं. थोड्या वेळाने आंतोनचीही. तेव्हा कुठे लुसीबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि रडल्या.

चौघंही सुखरूप घरी गेले. बॅटऱ्या दुसऱ्याच दिवशी बदलल्या.

आता मी नातेवाइकांनाही हँडल शिकवतो. शिकवताना प्रत्येकाला मुद्दाम दुसऱ्याच्या पेशंटपाशी उभं करतो, त्या दिवशी लुसीबाई उभ्या होत्या तसं. अजून एकानेही का म्हणून विचारलेलं नाही.