पारडीची चरबी, कालवडीची हाडं

अठरा एप्रिल. मी शेणाच्या पाट्या उकिरड्यावर टाकत होते आणि धाकटे दीर गोठ्याच्या दारात मोजपट्टी घेऊन उभे होते. जन्मभर मुंबईत नोकरी केली की गुरांचं सगळं कळायला लागतं, हे ते निवृत्त होऊन गावी आल्यावर मला समजलं. जनावराच्या छातीभोवती ती पट्टी धरली की वजन कळतं म्हणे. त्यांनी ती पोटाभोवती धरली. तिथे आकडा मोठा येतो.

गोठ्यात दोघीच. एक त्यांची मुऱ्हा म्हशीची पारडी, टेम्पोत बसून घाटावरून आलेली. दुसरी माझी तांबडी कालवड, इथलीच कोकण कपिला. तिची आई गेल्या वर्षी गेली, त्यामुळे आमच्या गोठ्यातल्या त्या जातीची ही शेवटची. दोघींचं तिसरं वर्ष चालू. पारडी काळीभोर, पाठ पाटासारखी. कालवड तिच्या निम्मी.

“बघा वहिनी. गोठा एकच, चारा एकच. याला म्हणतात जातीचा फरक.”

“चारा एकच? मग पेंड आणि भरडा काय मी खाते?”

मुऱ्हा मोठी होते, दूधही जास्त देते. ते मी कधी नाकारलं? पण पारडीला दावणीलाच पेंड, भरडा, गूळ, रात्रीचा उरलेला भात, वर पंखा. एवढं मला मिळालं तर माझाही आकडा वाढेल. कालवड रोज माझ्याबरोबर वरकसावर, डोंगरउतारावरच्या माळावर चढायची आणि जे मिळेल ते ओरबाडायची.

तरी दिरांनी ठरवलं होतं की एका गोठ्यात दोन जाती नकोत. दुपारी दासगावचा व्यापारी येऊन कालवड नेणार होता. नवरा औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी करून आला आणि म्हणाला, “तुम्ही दोघं ठरवा.” घरातल्या भांडणात तो नेहमी असंच धाडस दाखवतो.

व्यापारी आला. त्याने कालवडीचे दात पाहिले, खूर पाहिले, बरगड्यांवरून हात फिरवला. “बारीक हाय, पण अंग घट्ट हाय. येईल माजावर यंदा, गाभण राहील.”

मग न विचारताच पारडीकडे वळला. शेपटीच्या मुळाशी त्याने बोटं दाबली, ती आत रुतली.

“काका, हिला घालता काय?”

दिरांनी अभिमानाने सगळं सांगितलं, गुळासकट.

“मग बरोबर. ही वाढली नाय, नुसती सुटली. माजावर आली का एकदा तरी?”

“येईल की.”

“कुठून येईल? कासेत पण चरबीच भरली हाय. मला हीच द्या. कालवडीपेक्षा हिचे जास्त देतो.”

दिरांचा चेहरा उजळला. “चांगल्या घरी जाईल ना? दूध भरपूर देईल हो.”

“दुधाला कोण नेतोय, काका? वजनावर जाईल ती. कापायला.”

दिरांनी पारडीच्या मानेवर हात ठेवला. मग मुंबईची भाषा विसरून म्हणाले, “नाय विकायची.”

“मग पेंड तोडा आणि चालवा तिला. पण दावणीला वाढलेलं जनावर एकटं चढावर जात नाय. पुढे सवयीचं कुणी लागतं.”

दिरांनी आणि मी, दोघांनीही कालवडीकडे पाहिलं.

“एका गोठ्यात दोन जाती नकोत ना, भाऊजी?” मी विचारलं.

“वहिनी, आता गप्प बसा हो. राहू दे तिला.”

व्यापारी चहा पिऊन हात हलवत गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत मी पेंडीचं पोतं माळ्यावर टाकलं, शिडी शेजारणीकडे नेऊन ठेवली आणि दोघींना सोडून वरकसाच्या वाटेला लागले. पुढे कालवड, तिच्यामागे धापा टाकत पारडी आणि पारडीच्या मागे, तशाच धापा टाकत, दीर. मी कोणासाठीही थांबले नाही.