दाराबाहेरचं स्टूल

मंगळवारी एकदाचा लसीचा पहिला डोस झाला. आमच्या हॉस्पिटलमध्ये सध्या स्टाफचंच लसीकरण चालू आहे, टोचणाऱ्याही आम्हीच... म्हणून कुणी हात हलका ठेवतं असं समजू नका. मैत्रिणीनेच चांगलं खुपसलं.

मी नर्स आहे. गाव वर्ध्याकडचं, राहते पुण्यात, धायरीला, एका घराच्या वरच्या खोलीत, एकटीच. गेल्या वर्षी कोविड वॉर्डात ड्युटी करता करता मलाही कोरोना होऊन गेला.

तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंनी माझ्या दाराबाहेर एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. त्यावर डबा ठेवायच्या, जिन्याच्या कठड्यावर चमचा वाजवायच्या आणि उतरायच्या. त्या खाली पोचल्या की मग मी दार उघडायचं... उपाशी कधी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू?

पण मी बरी झाल्यावरही त्या वर आल्या नाहीत. बोलणं सगळं अंगणातून, मान वर करून. आता आपल्याला सगळे असंच लांबून बघणार, असं वाटून फार एकटं वाटायचं. स्टूल मी आत आणून ठेवलं. बसायला कुणी येत नव्हतंच, मग त्यावर कपडे टाकायला लागले.

तर... लस घेऊन घरी आले तेव्हा काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की ज्यांना कोरोना होऊन गेलाय त्यांना पहिल्याच डोसला जास्त त्रास होऊ शकतो. शरीराची त्या विषाणूशी आधीची ओळख असते ना, ते लगेच कामाला लागतं. ताप आला तर घाबरायचं नाही वगैरे. दिवसभर स्टाफला हेच लेक्चर देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सणसणून ताप. हुडहुडी, अंग नुसतं ठणकत होतं. माझ्याबरोबर डोस घेतलेल्या, कोरोना न झालेल्या मैत्रिणी ड्युटीवर हजर, दंड दुखतोय एवढीच त्यांची कुरकुर. माझं लेक्चर गेलं कुठल्या कुठे... वाटलं, झालं, परत झाला आपल्याला.

सीनियर सिस्टरना फोन केला. तुझंच लेक्चर तुला ऐकवू का, म्हणाल्या. गोळी घे, पाणी पी, खोकला आला किंवा ताप उतरला नाही तर टेस्ट करू. पटलं मला.

आणि तरी फोन ठेवल्यावर मी स्टुलावरचे कपडे काढले आणि ते दाराबाहेर नेऊन ठेवलं. डबा कोण आणणार होतं? कुणाला सांगितलंच नव्हतं. आईला फोन करून उगाच तिच्या जिवाला घोर लावायचा नव्हता. दार लावलं आणि लहान पोरीसारखी रडले.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. आता चमचा वाजेल म्हणून पडून राहिले... पण वाजलं दार.

उघडलं तर काकू. नाकाला पदर, एका हातात खिचडीचं पातेलं, दुसऱ्या हातात ते स्टूल. मी मागे सरकले, जवळ येऊ नका, अजून टेस्ट व्हायची आहे म्हणाले.

"काल तूच म्हणलीस ना, आधी झालेल्यांना ताप जास्त येतो म्हणून? मग हे कशाला भाईर काढलंस? अंगणातनं दिसलं मला."

काकूंनी खिडकी उघडली, तिच्याजवळ स्टूल ठेवलं आणि खुशाल बसल्या.

"तुझ्या काकांना शुगर हाय, म्हणून लांब ऱ्हायले. वाईट वाटून घेतलंस का काय?"

नाही म्हणाले. घेतलं होतं बापा, किती महिने घेतलं होतं! खिडकीकडे पाठ करून खिचडी खाल्ली, म्हणजे डोळे दिसायला नकोत.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता पुढचा डोस आहे, तेव्हा ताप आलाच तर येऊ दे. स्टूल खिडकीशीच ठेवलंय... त्यावर आता कपडे टाकत नाही.