उतरणारे दोन, फिरणारे दोन

माझा धंदा जुन्या घरांचा आहे. वसईत उमेळ्यापासून वटारपर्यंत कुठेही कौलारू घर पाडून इमारत उभी राहणार असली की मी तिथे पोचतो आणि दारं, खिडक्या, वासे, तुळया, जिन्याचे कठडे विकत घेतो. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे भाड्याची हातगाडी होती. आता उमेळ्याला स्वतःची वखार आहे. हे सगळं मी भाव करून मिळवलं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

भाव करण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, वस्तू स्वस्तात मिळावी म्हणून माणूस भाव करतो. निम्म्या वेळा तसं असतंही. उरलेल्या वेळी माल घ्यायचाच नसतो, पण तसं तोंडावर म्हणता येत नाही. घर ओळखीतलं असतं, वासे आतून पोखरलेले असतात आणि म्हाताऱ्या मालकांनी आग्रहाने चहा पाजलेला असतो. अशा वेळी मी असा आकडा सांगतो की तेच रागावून मला घालवून देतात. नाही म्हणायचं काम त्यांच्याकडे जातं, मी मोकळा. ही युक्ती मी तीस वर्षं बाहेर वापरली. गेल्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा घरात वापरली.

मुलीला बंगळूरला नोकरी लागली होती. एप्रिलमध्ये जायचं होतं. एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी आपण सगळे सांदण दरीला जाऊ. तुम्ही, आई, मामा आणि मी."

तिने फोनवर फोटो दाखवला. भंडारदऱ्याच्या पलीकडे, रतनगडाच्या पायथ्याशी साम्रद नावाचं गाव आहे. त्या गावाजवळ जमिनीला एक भेग पडली आहे, तीच ही दरी. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये काही ठिकाणी बैलगाडीही जाणार नाही एवढी फट, खाली दगडांचा खच. पुढच्या फोटोत एक मुलगी दोराला लटकून कातळावरून खाली उतरत होती. तिच्या पायांखाली काही नव्हतं.

"जाऊ की," मी म्हणालो. "ठरवायचं सगळं माझ्याकडे."

मुलगी खूश झाली. ठरवायचं काम मी मागून घेतलं ते ठरू नये म्हणून, हे तिला तेव्हा कळलं नाही असं मी धरून चाललो.

कारण आशेरीचं होतं. मुलगी सातवीत असताना आम्ही आशेरीगडावर गेलो होतो. वर जाताना एक कातळाचा टप्पा लागतो. चढताना मी चढलो. उतरताना खाली बघितलं आणि माझे पाय थांबले. घसरले नाहीत, दुखले नाहीत, नुसते थांबले. शेवटी माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, माझ्या कमरेला दोर बांधला आणि तांदळाची गोणी उतरवावी तसं मला खाली घेतलं. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत होती.

मेहुण्याची गिरीजला वाडी आहे. केळी आहेत, नारळ आहेत. गडी मिळाला नाही तर हा माणूस पन्नाशीला आला तरी स्वतः माडावर चढतो. त्याने मला उतरवलं याचा मला राग नाही. राग आहे तो त्यानंतरचा. लग्न असो, साखरपुडा असो, बारसं असो, जेवणाची पंगत बसली की हा सुरू होतो. "आमच्या भावोजींना उतरवायला काथ्याचा दोर लागतो!" लोक हसतात. मीही हसतो, आणि घरी आल्यावर बायकोशी भांडतो. अकरा वर्षं हे चाललं आहे. माझ्या वखारीत एखादं लाकूड एवढे दिवस पडून राहिलं असतं तर मी ते जाळलं असतं.

पण खरं सांगायचं तर ती कॉलेजची पोरं आणि मेहुणा हे सगळं मला सहन झालं असतं. मुलगी खाली उभी राहून वर बघत होती. ती हसली नव्हती. तिने फक्त माझी पाण्याची बाटली पुढे केली होती. तिच्यासमोर पुन्हा तसं व्हायला नको, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी कामाला लागलो. पहिला फोन ठाण्याच्या एका ट्रेकवाल्या मुलाला. त्याने माणशी दर सांगितला, मी त्याचा तिसरा हिस्सा सांगितला. "काका, यात दोरसुद्धा येणार नाही," म्हणून त्याने फोन ठेवला. दुसरा डोंबिवलीचा. तो चिकट होता, खाली येत राहिला, तेव्हा मी त्याच्या दोरांची पावती मागितली, कधी घेतले, कुणी तपासले. तो चिडला. तिसरा नालासोपाऱ्याचाच निघाला आणि त्याला माझी वखार माहीत होती. त्याच्याशी भांडायला जरा जोर लावावा लागला, पण जमलं.

"तिघंही लुटारू आहेत," मी घरी जाहीर केलं.

बायको भाजी निवडत होती. "तुम्हाला कुणी फुकट नेलं तरी तुम्ही वर चहा मागाल," ती म्हणाली.

मुलीने एका कागदावर एक नंबर लिहून माझ्यापुढे ठेवला. "साम्रदमधल्या एक मावशी आहेत. घरी राहायला देतात, जेवण देतात, वाट दाखवायला माणूसही त्यांचाच. मध्ये कुणी नाही. तुम्हीच म्हणता ना बाबा, दलाल नको, थेट मालकाशी बोलावं?"

माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. मी वखारीत जाऊन, एका मोठ्या सागवानी दाराच्या मागे बसून फोन लावला.

मावशींनी जेवणाचा दर सांगितला. भाकरी, पिठलं, ठेचा, भात, आमटी. मी नेहमीप्रमाणे निम्मा दर सांगितला. त्या गप्प बसल्या. मी थोडं वाढवलं. त्या तरी गप्प. मागे कोंबड्या ओरडत होत्या तेवढंच. मी आणखी वाढवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एकटाच बोलतो आहे आणि एकटाच वर चाललो आहे. ही विद्या मला शिकायला दहा वर्षं लागली होती.

"तुमचं झालं का दादा?" त्या म्हणाल्या. "मग सांगा, तुम्ही उतरणारे का फिरणारे?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोर लावून पार खाली कोकणात उतरणार, का दरीत आत जाऊन, बघून, त्याच वाटेने माघारी फिरणार?"

"माघारी फिरता येतं?"

"न यायला काय झालं? निम्मी माणसं फिरतातच. आत सुरुवातीला पाण्याचे दोन डोह लागतात, मग दगडांवरून चालायचं. दोराची जागा आली की फिरणारे फिरतात. दुपारी जेवायला माझ्याकडे."

"त्यांना कुणी... म्हणजे त्यांचं काही...?" मला कसं विचारावं कळेना.

"फिरणारे पण तेवढंच जेवतात दादा. भाकरीला मी विचारत नाही कुठवर गेला होता."

मी दाराला टेकून बसलो. हवा असलेला माल समोर आला की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. फोनवर चेहरा दिसत नाही हे बरं झालं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली.

"तुम्ही म्हणाल तो दर," मी म्हणालो.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "भाव नाही केला? अंगात कणकण आहे का?"

आता मेहुण्याला सांगायचं राहिलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही गिरीजला जेवायला गेलो. ताटात केळफुलाची भाजी होती, तळलेले बोंबील होते. मी जेवताजेवता सहज म्हणावं तसं म्हणालो, "सगळं ठरलं. दरीत आत जायचं, बघायचं, परत यायचं. एकदम आरामात."

मेहुण्याचा घास हातात राहिला. "परत? भावोजी, परत यायचं तर अर्नाळ्याला जाऊ ना, समुद्र बघू, परत येऊ. दरी उतरायची असते! घाबरू नका हो. काथ्याचा दोर मी घरून घेतो."

मी ताट सरकवलं. ताट पाटावरून घसरून पाण्याच्या तांब्यावर आपटलं आणि तांब्या कलंडला. "अकरा वर्षं!" मी ओरडलो. "अकरा वर्षं तोच दोर! तुझ्या बहिणीच्या तोंडाकडे बघून ऐकून घेतो, पण सांगून ठेवतो..."

"अहो," बायको म्हणाली.

"थांब. मला बोलू दे." आणि मग जे बोलायचं ठरवलं होतं ते सोडून भलतंच बोललो. "आशेरीला माझा पाय घसरला असं मी सगळ्यांना सांगतो. घसरला नव्हता. हललाच नव्हता. मला खाली बघितलं की भीती वाटते. आजही वाटते. मी दोराने उतरणार नाही. कुणाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, जेवण गार होतंय."

कुणी हसलं नाही. बायको सांडलेलं पाणी पुसायला उठली. मेहुणा ताटाकडे बघत बसला.

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"कधीपासून?"

"आशेरीपासून. आणि तुम्ही त्या तिघांशी भांडलात तेव्हा नक्की झालं. दोरांची पावती कोण मागतं बाबा?" ती बोंबलाचा काटा काढत होती. "म्हणून तर मावशींचा नंबर शोधला. पण मी उतरणार आहे. तेवढं तुम्ही भाव करून खाली आणायचं नाही."

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. तिने माझं ताट उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवलं आणि त्यात बोंबील वाढला. मी तो खाल्ला. त्या दुपारी मला कुणाला घाबरायचं कारण उरलं नव्हतं आणि कुणापासून लपवायलाही काही उरलं नव्हतं. एवढं हलकं मला वखारीचं कर्ज फिटलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

जेवणानंतर मेहुण्याने मला वाडी दाखवायला नेलं. वाडी मी शंभर वेळा बघितलेली आहे. एका केळीच्या घडाला तो उगाच टेकू लावत राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावोजी, ते सुरुवातीचे डोह. किती खोल असतील?"

"कमरेएवढे. कधी छातीपर्यंत."

"हं." त्याने टेकू काढून परत लावला. मग माडाच्या झावळ्या गोळा करायला लागला. जरा वेळाने म्हणाला, "छातीपर्यंत म्हणजे कुणाच्या छातीपर्यंत?"

एखादं गिऱ्हाईक एकच गोष्ट दोनदा विचारतं, आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघून, तेव्हा त्याचं सगळं मन त्या एका गोष्टीत अडकलेलं असतं. विहिरीच्या काठावर जन्म काढलेला हा माणूस कधी विहिरीत उतरलेला मी बघितला नव्हता. पंप काढायलाही गडी बोलावतो. अर्नाळ्याला गेलो तर पँट दुमडून घोट्यापर्यंत. हे मला इतकी वर्षं दिसत होतं आणि दिसलं नव्हतं.

माझ्या हातात आता सगळ्या लग्नांचं, सगळ्या बारशांचं उत्तर होतं. एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर आलंही.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मावशींना फोन केला. आम्ही जानेवारीचा शेवटचा रविवार ठरवला होता. मी विचारलं, डोहातलं पाणी कमी कधी होतं? त्या म्हणाल्या, होळीच्या सुमारास या, गुडघ्याएवढं राहील, एक डोह तर बाजूच्या दगडांवरून ओलांडता येतो. मी होळीच्या आधीचा रविवार पक्का केला. घरी सांगितलं की मार्चमध्ये गाडी स्वस्त मिळते. हे मी मेहुण्यासाठी केलं असं कुणी समजू नये. गाडी खरोखरच स्वस्त मिळाली. त्याला मी माफ केलेलं नाही. पुढच्या लग्नात तो दोराचं बोलतो की नाही ते बघून ठरवीन.

एक प्रश्न राहिला होता. उतरणारे दरीच्या खाली, शहापूरच्या बाजूला बाहेर पडतात. गाडी वर साम्रदला. म्हणजे ती घाट उतरून खाली आणायला हवी. मुलगी म्हणाली ड्रायव्हर आणेल. मी म्हणालो, तुळई काढताना वर जेवढा माणूस लागतो तेवढाच खाली लागतो, आणि खालचा माणूस मी कधी भाड्याने घेत नाही. मी गाडीबरोबर येईन. तू बाहेर पडशील तेव्हा मी तिथे असेन.

"पाण्याची बाटली आणा," ती म्हणाली.

जायच्या आदल्या शुक्रवारी मावशींचा फोन आला. पीठ किती काढायचं, वाटाड्या किती वाजता लागेल, हे विचारायला. मी स्वयंपाकघरात उभा होतो, बायको बरोबर न्यायच्या पुरणपोळ्यांसाठी डाळ धूत होती, मुलगी टेबलावर बॅग भरत होती.

"उतरणारे किती दादा आणि फिरणारे किती?"

"उतरणारे दोन," मी म्हणालो. "फिरणारे दोन. माझी बायको आणि मी."

आवाज खाली न घेता म्हणालो. बायकोने डाळ धुता धुता मान वर केली नाही. मुलीने बॅगेची चेन ओढली.

"आणि भाकऱ्या जरा जास्त टाका," मी म्हणालो. "फिरणाऱ्यांना भूक लागते."