कळ कोपरावर होती तेव्हा

महाडच्या कचेरीच्या पडवीत बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातच्या अर्जावर साहेबांना पुन्हा खुलासा विचारावा लागत नाही, असा माझा लौकिक आहे. दुसऱ्याचे दुःख कोठे, केव्हापासून आणि कशामुळे, हे विचारून घेणे हाच या धंद्याचा पाया. शरीराचे दुःखही असे विचारून घेतल्याने हलके होते, हे मात्र मला माझ्या पत्नीने दाखविले. ती आता हयात नाही.

मी महाडात खोली घेऊन राहत असे आणि ती आमच्या गावी, कापड्यास, माझ्या आईपाशी. सुटीच्या दिवशी मी पोलादपूरपर्यंत मोटारीने व तेथून पायी घरी जाई. तिने महाडास येऊन राहावे, एवढी एकच इच्छा मी बाळगून होतो. पण आई गाव सोडीना आणि ती आईला सोडीना. मी विषय काढला, की ती भांडी घासावयास उठे.

भात झोडून झाले होते. एका दुपारी पेंढा ओढताना लाल विंचवाने माझ्या आंगठ्यास नांगी मारली. कळ पाहता पाहता मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात चढली. अंगास दरदरून घाम सुटला व मी मोठ्याने ओरडलो. गावात विंचू उतरविणारा एक गृहस्थ होता, तो नेमका लग्नास परगावी गेलेला.

ओसरीवरून आई म्हणाली, "कचेरीत सायबापुढं बोलतोस, नि एवढ्याशा किड्यापुढं बोंबलतोस काय रे?" पण तिचाही आवाज कापत होता.

पत्नीने मला भिंतीशी टेकवून बसविले. विंचू चावलेल्या माणसास आमच्याकडे गप्प राहू देत नाहीत. कळ कोठवर आली हे विचारीत राहावयाचे आणि मध्ये त्यास बोलण्यात गुंतवावयाचे. त्यासाठी खोटे बोलले तरी चालते.

"कुठवर हाय?"

"खांद्यात."

"बरं. मी म्हाडला येऊन राह्यले, तर चूल कुठं मांडू?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"मागल्या दाराशी," मी म्हणालो. "तिथून धूर बाहेर जाईल."

"नि पानी?"

"आवारात विहीर आहे."

"शेजारनी भांडखोर हायत काय?"

"एक आहे. कारकुनाची बायको."

"मंग बरं. भांडाया कोन तरी पायजेच मला. आता कुठवर?"

"दंडात."

कळ लाटेसारखी येत असे. ती उसळली, की तिचा पुढला प्रश्न येई. कळ लहान झाली असे मी म्हणणार नाही. परंतु तोवर माझ्यात जेथे कळेवाचून दुसरे काहीच उरले नव्हते, तेथे आता एक चूल आणि एक विहीर आली. तुळस कोठे ठेवायची ते ठरले. "आत्याबायचं अंथरूण खिडकीपाशी," असे ती माझ्या आईविषयी आपण होऊन म्हणाली, तेव्हा हे सारे तिने आधीच मनात मांडून पाहिले असावे, अशी मला आशा वाटली.

कळ मनगटापर्यंत उतरली.

"आता?" तिने विचारले.

"कोपरावरच आहे," मी म्हणालो.

तिने माझा हात कोपराखाली हलकेच दाबला. मी दचकलो नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

"बरं, कोपरावर तर कोपरावर," ती म्हणाली. "कचेरीतनं घरी कवा याल?"

"दिवे लागायच्या आत."

"रोज?"

"रोज."

माझा हात तिने मांडीवर तसाच धरून ठेवला होता.

"उतरला काय गो?" आईने ओसरीवरून विचारले.

"उतरला, आत्याबाय!" ती म्हणाली, आणि म्हशीस पाणी दाखवावयास उठली.

ती महाडास कधी आली नाही. त्या दिवशी ती गोठ्याकडे गेल्यावर मी भिंतीशी तसाच बसून राहिलो, आणि कळ पुन्हा चढते काय हे पाहण्यासाठी हात जोराने हलवून पाहिला.