खडीला मेटल का म्हणतात

अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माय खडी फोडायची. दगडाभोवती जुन्या टायरचं कडं ठेवायचं, म्हणजे कपची डोळ्यात उडत नाही, आणि मग हातोडी. शेत नव्हतं, वडिलांची कंबर कामातून गेली होती. घर त्या हातोडीवर चालायचं. मुकादम ढीग मोजायला आला की विचारायचा, "मेटल किती झालं, मावशी?" खडीला तिथं सगळेच मेटल म्हणत. मीपण.

सातवीत सरांनी विचारलं, "धातू म्हणजे इंग्रजीत मेटल. सांगा एखादं उदाहरण."

मी हात वर करून म्हणाले, "खडी!"

"बस खाली. खडीचा हंडा करते का तुझी आई?"

पोरं मला वर्षभर 'खडीचा हंडा' म्हणत होती.

घरी सांगितलं तर माय हसली नाही. "मंग आमी इतके दिवस काय फोडून राह्यलो?" दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमाला धरलं. तो म्हणाला, "मला काय म्हाईत? सायबाच्या कागदावर तसंच असतंय."

वडिलांचं म्हणणं होतं, सातवी बास झाली, पोरीला कामावर ने. माय म्हणाली, "न्हाई. मास्तर बराबर का मुकादम, हे तिला हुडकू द्या. तवर तिची शाळा बंद न्हाई."

झालं. दहावी गेली, बारावी गेली. पुस्तकांत धातूची चकाकी होती, तार निघणं होतं, खडी कुठंच नव्हती. खरं सांगते, मलाही घाई नव्हती. उत्तर सापडलं की शिक्षण थांबणार, ही भीती होती.

सापडलं ते जालन्याला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, ग्रंथालयातल्या जाडजूड इंग्रजी कोशात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ खाण. आधी खाण, मग खाणीतून निघालेला माल, आणि पुढं लोखंड-तांबं. रस्त्याच्या खडीलाही मेटल म्हणतात, ही नोंद तिथंच खाली होती. मी ते पान तीनदा वाचलं आणि कोश गुपचूप जागेवर ठेवला.

शेवटचा पेपर झाल्यावरच मायला सांगितलं.

"म्हंजे दोघंबी बराबर?"

"दोघंबी."

"आन् हे कवा कळलं तुला?"

"दिवाळीनंतर."

"लबाड," माय म्हणाली, आणि यावेळी मात्र हसली.

निकाल लागला. केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं.